पाळी, पोट आणि कापसाची वेचणी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे आहे, बियाण्यावर बोलायचे आहे, विजेच्या बिलावर बोलायचे आहे. त्या यादीत आम्ही आग्रहाने आणखी एक विषय घालून घेतला. बायकांची पाळी आणि त्या दिवसांत होणारा पोटाचा त्रास. हा विषय निघाला की भाऊमंडळी चहाला उठतात. आज उठू नका. कापूस वेचणारे हात बायकांचे आहेत, आणि दवाखान्याचे बिल तुमच्या खिशातून जाते. तेव्हा हा विषय बायकांचा असला तरी हिशेब दोघांचा आहे.

आम्ही डॉक्टर नाही. शेतीचे शिक्षण घेतलेली माणसे आहोत. मोजल्याशिवाय फवारू नका, एवढे एकच वाक्य आम्ही गावोगाव सांगत आलो. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करा. त्याच्या आत फवारले तर औषधाचा पैसा वाया जातो आणि मित्रकिडी मरतात. आपल्या घरातल्या बाईच्या पोटाच्या बाबतीत मात्र आपण एकही पतंग मोजत नाही, आणि थेट शेवटची फवारणी करून मोकळे होतो. ती शेवटची फवारणी कोणती, ते पुढे सांगतो.

तक्रार काय असते?

सभेनंतर बायका बाजूला घेऊन विचारतात ते प्रश्न सगळीकडे सारखेच असतात. पाळी यायच्या चार-आठ दिवस आधी पोट फुगते, संडास साफ होत नाही, गॅस धरतो, लुगडे कमरेला घट्ट वाटते. पाळी आली की उलटे. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, मळमळते, कुणाला उलटी होते, आणि तीन-चार वेळा पातळ संडास होते. दोन दिवसांनी सगळे आपोआप थांबते. महिन्याने पुन्हा तेच.

घरचे म्हणतात, "काहीतरी खाल्ले असेल." कुणी म्हणते बाधले, कुणी म्हणते नजर लागली. सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का पाळीत कामे केली?" आणि बाई अंगावर काढते. हा त्रास सगळ्याच बायकांना होतो असे नाही, आणि होतो त्यांनाही सारखा होत नाही. ज्यांना होतो त्यांचा तो खरा असतो. त्याला कारण आहे.

शेजारच्या ज्वारीतले टू-फोर-डी

कारण समजून घ्यायला आपल्याच शेतातले उदाहरण घेऊ. ज्वारीत टारफुला माजला की टू-फोर-डी मारतात. ज्वारीला काही होत नाही. पण वारा वाहता असला तर तेच औषध धुऱ्यापलीकडच्या कपाशीवर जाते, आणि कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी, बोटाबोटांची होतात. कपाशीवर कोणी काही मारलेले नसते. औषध शेजाऱ्यासाठी होते, लागले आपल्याला. हार्मोनसारखे काम करणाऱ्या पदार्थाचे असेच असते. मात्रा थोडी, परिणाम मोठा, आणि धुरा त्याला ठाऊक नाही.

बाईच्या पोटात गर्भपिशवी मध्ये असते. पुढे लघवीची पिशवी, मागे आतड्याचा शेवटचा भाग. अगदी धुऱ्याला धुरा लागून. पाळी येण्याच्या वेळी पिशवीच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात. त्यांचे काम पिशवीच्या स्नायूला आवळायला लावणे, म्हणजे जुने अस्तर बाहेर पडते. कळा येतात त्या यामुळे. पण आतड्याचाही स्नायू त्याच जातीचा. हे पदार्थ जास्त झाले की आतडेही आवळू लागते, आतड्यात पाणी सुटते, आणि पातळ संडास होते. पिशवीसाठी केलेली फवारणी आतड्यावर गेली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आधीचा बद्धकोष्ठ? महिन्याच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेले असते. ते स्नायू सैल ठेवते. आतड्याची चाल मंदावते, मळ जास्त वेळ आत राहतो, त्यातले पाणी शोषले जाते, तो घट्ट होतो. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन उतरते आणि गाडी एकदम सुटते. आधी बांध, मग लोंढा. ज्यांचे आतडे मुळातच हळवे आहे, ज्यांना एरवीही कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब होतात, त्यांना या दिवसांत जास्त जाणवते.

यात विटाळ कुठेही नाही. अपचन नाही, बाधा नाही. शरीराचे नेहमीचे काम थोडे जास्त जोरात झाले, इतकेच.

वेचणीच्या दिवसांत काय होते

आता हा त्रास शेतात नेऊन पाहू. दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो. वेचणी किलोवर असते. जी बाई जितके वेचेल तितके तिचे. पाळीच्या पहिल्या दिवशी ती घरी राहिली तर मजुरी बुडते, आली तर दिवसभर कमरेत वाकून, ओटीत कापसाचे ओझे घेऊन, पोटातल्या कळा सोसत वेचते.

आपल्या घरांची एक गंमत पाहा. "कावळा शिवला" म्हणून तिला देवघरात चालत नाही, पाण्याच्या माठाला हात लावलेला चालत नाही. पण त्याच दिवशी वेचणीला चालते. घरात बाहेरची, शेतात मात्र आतली! विश्रांतीसाठी विटाळ कधी उपयोगी पडत नाही.

शेतात आडोसा नसतो. तुरीच्या ओळी उंच झालेल्या असतील तर ठीक, नाहीतर धुऱ्यावर बाभूळ शोधायची. पुरुष आजूबाजूला. म्हणून बाई काय करते? पाणीच पीत नाही. सकाळी घोटभर चहा, मग दुपारपर्यंत कोरडी. ऑक्टोबरच्या उन्हात हे चालते. लघवीला जळजळ सुरू होते, संडास दाबून धरल्याने मळ आणखी घट्ट होतो, आणि पाळीआधीचा बद्धकोष्ठ दुप्पट होतो. पाळीत जुलाब लागले तर शरीरातले पाणी आणखी उतरते आणि दुपारी चक्कर येते. मग गावात बातमी होते, अमुकची बाई शेतात पडली.

उत्पादनखर्चाच्या तक्त्यात घरच्या माणसांची मजुरी धरायला लावली, त्यावर आपण किती भांडलो. पण बाईच्या या दिवसांचा रकाना आपल्याही वहीत नाही. तो आधी आपल्या वहीत यायला हवा.

पाणी, भाकरी आणि गोळी

उपाय साधे आहेत. बहुतेक घरात आहेत.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी वाढवा. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, तिच्यात चोथा आहे. पण भाकरी नुसत्या मिरचीच्या ठेच्याबरोबर आणि पाण्यावाचून खाल्ली तर चोथा बसून राहतो. पालेभाजी, ताक, ताकातल्या कण्या जोडीला हव्यात. हरभऱ्याच्या पिठाने ज्यांचे पोट फुगते त्यांनी तेवढे चार दिवस झुणका कमी करावा. आणि बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलेले खाते, ही रीत घरातल्या पुरुषांनी मोडायची आहे. ती तिने एकटीने मोडायची म्हटले तर मोडत नाही.

कळा येत असतील तर ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चांगला. पिशवी नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळा.

जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट प्यावे. आरोग्य केंद्रातली ओआरएसची पुडी मिळाली तर अधिक चांगले. तोंडाने पाणी राहत असेल तर सलाईनच्या बाटलीची गरज नाही. बाटली लावली की ताकद येते, हा समज आपल्याला फार महाग पडतो. उलट्या थांबत नसतील, पाणी पोटात ठरत नसेल, तेव्हा बाटली हवी.

गोळीबद्दल. पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या देतात. त्या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच कमी करतात. ॲस्पिरिन हे काम करते, असे जॉन व्हेन या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने 1971 साली दाखवले, आणि 1982 साली प्रोस्टाग्लँडिनवरील कामासाठी त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ही गोळी नुसती वेदना दाबत नाही, फवारणीचा पंपच हळू करते. म्हणून ती कळा सुरू होतानाच घेतली तर जास्त उपयोगी.

पण हे औषध आहे, गोळ्यामिठाई नव्हे. उपाशीपोटी घेऊ नका, जठराला जखम होते. दोन जातींच्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेऊ नका. दोन-तीन दिवसांपलीकडे घेऊ नका. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा असेल, किंवा गर्भ राहिल्याची शंका असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका. जुलाबाने शरीर कोरडे पडले असेल तर आधी पाणी, मग गोळी. मेफेनॅमिकने काहींना जुलाब वाढतात, तसे झाले तर थांबवा आणि दुसरी विचारा.

आणखी एक गोळी, लोहाची. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत चौपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या देतात. त्या घेतल्या की संडास काळी होते, घट्ट होते, कधी मळमळते. बाई घाबरून गोळ्या टाकून देते. काळी संडास गोळीमुळे आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. चहाने लोह अंगी लागत नाही.

तीन महिन्यांची नोंद

आता मोजण्याकडे येऊ. पावसाची नोंद आपण ठेवतो, मृग कोरडा गेला की आर्द्रा बरसली हे वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. तशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिन्यांची नोंद ठेवा. पाळीचा पहिला दिवस, त्याला गोल. बद्धकोष्ठ झाला त्या दिवशी एक खूण, जुलाब झाले त्या दिवशी दुसरी, जोरात दुखले तर तिसरी. लिहिता येत नसेल तर मुलगी करील. मुलगा केला तरी बिघडत नाही.

तीन महिन्यांनी कॅलेंडर स्वतः बोलते. खुणा गोलाच्या आसपासच असतील आणि एरवीचे दिवस कोरे असतील, तर त्रास पाळीचा आहे आणि वर सांगितलेल्या उपायांनी बहुधा ताब्यात येतो. खुणा महिनाभर विखुरल्या असतील, तर कारण वेगळे आहे आणि तपासणी हवी.

काही खुणा दिसल्या तर तीन महिने थांबायचे नाही. संडासमधून रक्त जाणे. वजन उतरणे. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब. ताप. दर तासा-दोन तासाला कपडा बदलावा लागेल इतका रक्तस्राव. पाळी चुकलेली असताना एकाएकी पोटात जोराची कळ येऊन चक्कर येणे. हे गर्भ नळीत राहिल्याचे लक्षण असू शकते, त्याच तासाला गाडी काढा. आणि दर पाळीत संडासला बसताना भयंकर दुखणे, दरवर्षी वाढत जाणारे. याला एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार कारण असू शकतो. पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर, कधी आतड्यावरही वाढतो. अशा बाईला "नखरे करते" म्हणून वर्षे वाया घालवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाला कॅलेंडर दाखवा. अर्धे निदान त्यातच असते.

आणखी एक सूचना, फवारणीच्या हंगामाची. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. फवारलेल्या कपाशीत काम केलेल्या, औषधात पाणी कालवून दिलेल्या बाईला उलट्या, जुलाब, कळा सुरू झाल्या आणि बरोबर घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, स्नायू फडफडणे असे काही दिसले, तर ते पाळीवर ढकलू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाच्या डब्यावरचे लेबल बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

पिशवी काढण्याची घाई

आता ती शेवटची फवारणी. पिशवी काढणे.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 बायकांची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक. तिथले गणित सगळ्यांना माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीत दुखते, काम बुडते. मग पिशवीच नको.

आपण कापूसवाले. आपल्याकडे मुकादम नाही. पण विचार तोच शिरतो आहे. "दर महिन्याचा ताप कशाला, दोन लेकरे झाली, काढून टाका." एक अळी दिसली म्हणून पऱ्हाटी उपटल्यासारखे हे आहे.

ऑपरेशन वाईट असे आम्ही म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव असेल, तर ते जीव वाचवते. पण दुखणे आतड्याचे असेल तर पिशवी काढून ते जात नाही. बद्धकोष्ठ राहतो, गॅस राहतो, कर्जही राहते. आणि पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तिशी-पस्तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण येते. अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. वेचणीला ती पूर्वीसारखी उभी राहत नाही. कामासाठी म्हणून काढलेली पिशवी कामच घेऊन जाते.

म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले तर चार प्रश्न विचारा. एक, आजाराचे नाव काय, ते कागदावर लिहून द्या. दोन, औषधाने किंवा लहान उपायाने होण्यासारखे काय आहे? तीन, अंडाशये ठेवणार की काढणार? चार, महिनाभर थांबले तर काय बिघडेल? "कॅन्सर होईल" एवढ्यावर सही करू नका. तपासणीचा लेखी अहवाल मागा आणि तो घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्या. अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सांगितले आहे. तेव्हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे.

गावाने करायची कामे

भाषण ऐकून घरी जाण्याची आपली पद्धत नाही. प्रत्येक गावाने तीन कामे घ्यावीत.

पहिले काम जमीनवाल्यांचे. ज्याच्या शेतात वेचणी, त्याने पिण्याचे पाणी बांधावर ठेवायचे आणि एक आडोसा उभा करायचा. चार बल्ल्या आणि जुने बारदान, खर्च नाही म्हटले तरी चालेल. एका कोपऱ्यात खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि पाण्याची कळशी.

दुसरे काम मजुरीचे. पाळीच्या पहिल्या दिवशी बाईला वेचणीऐवजी सावलीतले काम द्यावे, कापसातला कचरा निवडणे, गाठोडी बांधणे, आणि त्याची मजुरी रोजावर द्यावी. कुणाची पाळी ते जाहीर सांगावे लागू नये. बायकांनीच एकमेकींत ठरवावे, मालकाने फक्त हो म्हणावे. स्वच्छ कापसाला भाव थोडा बरा मिळतो, हे मालकाला आम्ही सांगायला नको.

तिसरे काम घरातल्यांचे. कॅलेंडरवर नोंद. सासूने सुनेची ठेवावी, आईने मुलीची. नवऱ्याला वाचता आली पाहिजे, कारण दवाखान्यात बोलायला शेवटी तोच पुढे होतो आणि त्यालाच काही माहीत नसते.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने सांगायचे आहे, किती शेतांत आडोसा उभा राहिला आणि किती घरांत कॅलेंडर भरले. हो किंवा नाही, नुसता आकडा सांगा, भाषण नको.

एवढेच. आता कापसाच्या भावाच्या ठरावाकडे वळू.